सुपरहिरो मेला तरी आता डोळ्यांत पाणी का येत नाही?

अंतराळवेडा:

आधीच सांगतो, खाली बऱ्याच गोष्टींचे शेवट फोडले आहेत. बघायचं राहिलंय त्यांनी इथूनच मागे फिरा.

परवा नऊ वर्षांच्या भाचीबरोबर मार्व्हलचा 'इन्फिनिटी वॉर' पुन्हा बघितला. खलनायक थॅनोस चुटकी वाजवतो, निम्म्या विश्वाची राख होते, पीटर पार्कर (म्हणजे स्पायडरमॅन) टोनीला, म्हणजे आयर्न मॅनला, बिलगतो आणि जायचं नाही, जायचं नाही म्हणत विरून जातो. मी हळूच भाचीकडे बघितलं. म्हटलं, आता हिला जवळ घ्यावं लागणार. तर ती म्हणते, "मामा, हा परत येतो ना? याचे अजून पिक्चर आहेत."

तिला काय बोलणार? 2018 मध्ये थिएटरात मीही तेच करत होतो. 'ब्लॅक पँथर' फेब्रुवारीत आला, त्याने शंभर कोटी डॉलरच्या वर गल्ला जमवला, आणि एप्रिलमध्ये त्याची राख? कुठला स्टुडिओ असली कोंबडी कापेल? स्पायडरमॅनच्या पुढच्या भागाची तारीखसुद्धा तोवर जाहीर झालेली होती. आजूबाजूला लोक मुसमुसत होते आणि मी हिशेब मांडत होतो.

आता दुसरं टोक. 'बॅटलस्टार गॅलॅक्टिका'ची नवी मालिका, तिचा '33' हा पहिला भाग. सायलॉन (माणसांवर उलटलेली यंत्रं) दर 33 मिनिटांनी हजर होतात, माणसांच्या जहाजांचा ताफा पुन्हा उडी मारतो, पाच दिवसांत कुणाचा डोळ्याला डोळा लागलेला नाही. राष्ट्राध्यक्ष रॉझलिनच्या खोलीत एक पांढरा फळा आहे. त्यावर जिवंत राहिलेल्या माणसांचा आकडा. अख्ख्या मानवजातीतले सुमारे पन्नास हजार, आणि तेही कमी होत चाललेले. भागाच्या शेवटी कुठल्याशा जहाजावर बाळ जन्माला आल्याची बातमी येते, आणि बाई उठून त्या आकड्यात एक मिळवते. बस्स. बाळ धड दाखवतसुद्धा नाहीत. मी ढसाढसा रडलो.

निम्मं विश्व गेलं तेव्हा डोळे कोरडे, आणि फळ्यावर एक वाढला तर ही अवस्था. बिघाड माझ्यात आहे की पिक्चरवाल्यांत?

जुनी_व्हीएचएस:

मालिकावाल्यांनी फार तोरा मिरवू नये. 'स्टार ट्रेक'मधला स्पॉक 1982 मध्ये काचेपलीकडे तडफडून मेला आणि 1984 मध्ये पुढच्या पिक्चरचं नावच 'स्पॉकचा शोध' होतं! त्याआधी 1978 चा सुपरमॅन. प्रेयसी लोइस मेली म्हणून साहेब चिडले आणि पृथ्वीभोवती गरागरा फिरून त्यांनी काळच मागे नेला. कॉमिक्समध्ये 1992 ला खुद्द सुपरमॅनला मारलं, वर्षभरात उठवून बसवलं. हे घराण्यातलंच दुखणं आहे, मार्व्हलने आणलेलं नाही.

आणि रडण्याचंच म्हणाल तर मी 2019 मध्ये टोनी स्टार्कसाठी रडलोय. 2024 च्या जुलैत सॅन दिएगोच्या कॉमिक-कॉनच्या मंचावर तोच नट मुखवटा काढून खलनायक डॉक्टर डूम म्हणून उभा राहिला. पात्र वेगळं आहे, मान्य. तरी माझे अश्रू कुणी परत देतंय का ते बघतोय.

अंतराळवेडा:

स्पॉकचा मुद्दा बिनतोड वाटतोय खरा, पण थांबा. तो परत यावा म्हणून त्याच्या मित्राला, कप्तान कर्कला, काय काय द्यावं लागलं? पोटचा मुलगा क्लिंगॉन या शत्रूंच्या हातून गेला. एंटरप्राइज, म्हणजे त्याचं अंतराळजहाज, त्याने स्वतःच्या हाताने उडवली आणि ती जळत खाली येताना टेकडीवरून बघत राहिला. एवढं करून मिळालेल्या स्पॉकला हा माणूस कोण ते आठवायलाही वेळ लागला. परत येण्याला माझी ना नाही. फुकटात परत येतात तेव्हा माझं डोकं फिरतं. सुपरमॅनने काय गमावलं? जरा चक्कर आली असेल.

मार्व्हललाही हे जमतं, जमत नाही असं नाही. 'गार्डियन्स ऑफ द गॅलॅक्सी'तली गमोरा मेल्यावर परत आली ती जुन्या काळातली, प्रियकर क्विललाच न ओळखणारी. मला वाटलं तिसऱ्या भागात गोड करून टाकतील. नाही केलं. ती तिच्या माणसांत गेली, हा आपल्या घरी.

रिकामा_तास:

एवढा विचार करून बघायचे असतात का हे पिक्चर? ढिशूम ढिशूम बघा, खूश व्हा.

रोटोवाली:

मी या धंद्यात तळाला आहे. फ्रेममधल्या माणसाची कडा पॉइंट-पॉइंट लावून कापून काढायची, म्हणजे त्याच्यामागे हवं ते जग चिकटवता येतं. त्याला आम्ही रोटो म्हणतो. दोन सेकंदांच्या शॉटमध्ये 48 फ्रेम, आणि उडणारे केस असतील तर दिवस गेलाच.

एका पिक्चरमध्ये (नाव विचारू नका) मी एका पात्राचं प्रेत तीन आठवडे कापत होते. तोवर आमच्यात त्याला 'कै.' म्हणायला लागलेले. मग एक दिवस वरून निरोप आला: छाती किंचित हलताना दाखवायची आहे, श्वास चालू आहे. कारण कुणी सांगितलं नाही, आम्हाला कळायला वेळही लागला नाही. पुढच्या भागात तो लागणार होता. कथा शेवटच्या महिन्यापर्यंत बदलत राहते, प्रदर्शनाची तारीख मात्र जागची हलत नाही. आम्ही तीन रात्री बसून त्याला जिवंत केला.

त्यामुळे अंतराळवेडा, तुमच्या भाचीचा अंदाज अगदी बरोबर आहे. कोण मरणार हे पुष्कळदा कॅलेंडर ठरवतं.

निळी_पोलीसपेटी:

अंतराळवेडा, फुकटात परत येऊ नये म्हणालात ते पटलं. यावर 'डॉक्टर हू' या ब्रिटिश मालिकेवाल्यांनी 1966 मध्येच तोड काढली होती. डॉक्टरचं काम करणाऱ्या विल्यम हार्टनेलची तब्येत ढासळली, मालिका तर चालवायची होती. मग डॉक्टर मरत नाही, बदलतो असं ठरवून टाकलं. खरं तर निव्वळ सोय. पण मी दर वेळी रडते. डॉक्टर उरतो हो, पण ज्याची सवय झालेली असते तो चेहरा, ती चाल, तो तिरसट स्वभाव, हे सगळं गेलेलं असतं. नव्याला पहिले दोन-तीन भाग मी सावत्रच वागवते.

आणि तुम्ही ज्या ब्लॅक पँथरचा हिशेब मांडत होतात ना, त्याचं पुढे काय झालं ते आठवा. 2020 च्या ऑगस्टमध्ये ते काम करणारा चॅडविक बोसमन खरंच गेला. त्याच्या जागी दुसरा नट घेतला नाही. 2022 च्या पिक्चरमध्ये सुरुवातीच्या मार्व्हलच्या चिन्हात फक्त त्याची चित्रं होती, आणि संगीत बंद. माझ्या शेजारचा माणूस एरवी प्रत्येक एन्ट्रीला शिट्टी मारणारा. तो हात मांडीवर ठेवून गप्प बसला होता.

जुनी_व्हीएचएस:

यावर काही बोलवत नाही.

वेडेभाऊ, तुम्हाला औषध सुचवतो: 'अँडोर', 'स्टार वॉर्स'मधली मालिका. दोन सीझन, 24 भाग. नायक कॅसियन मरणार हे 2016 च्या 'रोग वन'मध्येच दाखवून झालंय. म्हणजे हिशेब करायला जागाच नाही. बघा काय होतं ते.

अंतराळवेडा:

आठवड्याने येतोय. पहिल्या सीझनचा दहावा भाग काल रात्री संपवला.

तुरुंग समुद्राच्या मधोमध. शिक्षा संपली तरी कुणाला सोडत नाहीत हे कळल्यावर किनो लॉय नावाचा मुकादम, जो आधी सगळ्यांवर गुरगुरत असतो, तोच हजारो कैद्यांना बाहेर काढतो. सगळे कठड्यावर येतात, खाली पाणी, लोक धडाधड उड्या टाकतायत. आणि हा सांगतो की त्याला पोहता येत नाही. तेवढ्यात गर्दीच्या रेट्यात कॅसियन खाली पडतो आणि किनो वरच राहतो.

दुसऱ्या सीझनमध्ये तो आहे का? फक्त हो किंवा नाही सांगा.

जुनी_व्हीएचएस:

नाही.

निळी_पोलीसपेटी:

त्याचं पुढे काय झालं ते मालिकेत कुठेच दाखवलेलं नाही.

अंतराळवेडा:

अच्छा. मी तो प्रसंग चार वेळा मागे नेऊन बघितला. मागून कुणीतरी त्याला ढकललं असेल, असं वाटत होतं.