मक्यानंतर सोयाबीन पिवळं पडतंय, काय करू?

बांधावरचा: राम राम मंडळी. पोयट्याची जमीन आहे, रब्बी मक्याला अ‍ॅट्राझीन तणनाशक मारलं होतं, आता तिथंच सोयाबीन केलंय तर पट्ट्यापट्ट्यानं पिवळं पडतंय. दुकानदार म्हणतो युरिया टाका. टाकू का?

काळंरान: थांबा हो, आधी पान बघा. शेंड्याची पानं पिवळी अन् शिरा हिरव्या असतील तर लोह कमी पडतंय, चुनखडीच्या रानात होतंच ते. खालची जुनी पानं कडेनं करपत असतील तर अ‍ॅट्राझीनचा संशय. सामू (मातीचा pH) 7.5 च्या वर अन् जमीन कोरडी राहिली की अ‍ॅट्राझीनचा असर लवकर जात नाही.

बांधावरचा: जुनीच करपतायत. फवारताना पट्टा डबल झाला असणार 😓

गाठीवाला: मग युरिया राहू द्या, त्यानं तणनाशक जात नाही, उलट जास्त नत्रानं मुळावरच्या, हवेतलं नत्र घेणाऱ्या गाठी कमी धरतात. शेणखत औषधाला धरून ठेवतं म्हणून पिकाला ते कमी बाधतं, पण ते पुढच्या वेळेला. अन् पेरायच्या आधी त्या रानाची माती एका कुंडीत, बांधावरची दुसरीत घेऊन दोन्हीत सोयाबीनचे दाणे टाकायचे, औषध उरलंय का ते 2-3 आठवड्यात कळतं. माझं एकदा असंच बियाणं वाया गेलंय.