उंच ऑफिस इमारत सांभाळताना नेमकं काय बिघडतं?

जुलैचा बी फॉर्म (आगीपासून बचावाची यंत्रणा चालू असल्याचा सहामाही दाखला) जवळ आलाय, पाऊसही. पुण्यात सेनापती बापट रस्ता, बंडगार्डन, येरवडा भागातल्या उंच ऑफिस इमारती सांभाळणाऱ्यांनी इथं लिहा. आकड्यांसकट लिहिलंत तर नव्या पोरांना उपयोग होईल.

फायर पंप, बंडगार्डन
पंप रूममध्ये शिरलात की आधी पॅनेल बघा. सिलेक्टर (ऑटो की मॅन्युअल ते ठरवणारा स्विच) मॅन्युअलवर असेल तर बाकी सगळं व्यर्थ. आमच्या लाइनचा दाब 7 किलो (दर चौरस सेंटिमीटरला). 6 ला जॉकी (लाइनचा दाब टिकवणारा छोटा पंप) उठतो, 5 ला मेन (विजेवरचा मोठा पंप), 4 ला डिझेलवरचा पंप. टेस्ट व्हॉल्व्ह हळूहळू उघडा, काटा उतरू द्या, कोण कुठल्या आकड्याला उठतो ते लिहा. मेन तपासताना जॉकी बंद, डिझेल तपासताना मेनही बंद. शेवटी सगळे ऑटोवर, आणि ते दुसऱ्या माणसानं बघायचं. मेन पंप हातानंच बंद करायचा. आपोआप थांबेल अशी जोडणी चूक आहे.

जॉकी सारखा उठत असेल तर गळती शोधा: ग्लँड (पंपाच्या दांड्याभोवतीचं पॅकिंग), एनआरव्ही (पाणी मागं येऊ न देणारा व्हॉल्व्ह), मजल्यावरचे लँडिंग व्हॉल्व्ह (पाइप जोडायचे नळ), होज रील (गुंडाळलेला रबरी पाइप). लोक वैतागून जॉकीच बंद करतात. मग दाब उतरून मेन अवेळी उठतो, तोही मॅन्युअलवर जातो, आणि इमारत उघडी पडते.

वरच्याला जोडून
डिझेल पंप आठवड्याला अर्धा तास चालवाच. तो अडतो बहुतेक बॅटरीपाशी. टर्मिनलवरची पांढरी बुरशी गरम पाण्यानं धुवा.

बेसमेंट
वळवाचा पहिला पाऊस सगळ्यात वाईट. रॅम्पच्या जाळीवर पाला, खाली चिखल. संपमधला (पाणी साठायच्या खड्ड्यातला) फ्लोट, म्हणजे पाणी चढलं की पंप सुरू करणारा तरंगता स्विच, पिशवीत अडकतो, पंप सुरूच होत नाही. मेमध्ये संप उपसा, फ्लोट हातानं उचलून बघा. पाणी शिरायला लागलं की लिफ्ट वरच्या मजल्यावर नेऊन बंद करा, पिट (लिफ्टखालचा खड्डा) भरलं तरी केबिन वाचते.

लिफ्ट
एआरडी (वीज गेली की बॅटरीवर लिफ्ट जवळच्या मजल्याला नेणारं यंत्र) तपासताना जनरेटर ऑटोवर ठेवू नका. काही सेकंदांत वीज परत येते, बॅटरीची परीक्षा होतच नाही.

जिना, सेनापती बापट रस्ता
फायर डोअरला लाकडाची पाचर लावून ठेवणं थांबवा. आग लागली की जिन्यात हवा भरणारा पंखा तिथं 50 पास्कलच्या आसपास दाब धरतो, तोच धूर बाहेर ठेवतो. दोन-तीन दारं उघडी राहिली की दाब गेला. 24 मीटरवरच्या इमारतीतल्या रेफ्युज एरियात (आगीच्या वेळी लोकांनी थांबायच्या मोकळ्या जागेत) मोडक्या खुर्च्या रचलेल्या दिसल्या, तर त्याच दिवशी उचलायला लावा.