तळपायही बघा
'आपण सावळे, आपल्याला कसला स्किन कॅन्सर' असं कुणीतरी म्हटलंय, म्हणून लिहितो. ऑस्ट्रेलियात ब्रिस्बेनला आलो तेव्हा मीही हेच म्हणायचो. मग बायकोला माझ्या तळपायावर मसुराएवढा काळा डाग दिसला, एक कड फाटल्यासारखी. बायोप्सीचा रिपोर्ट येईपर्यंत घास गोड लागला नाही. साधा तीळ निघाला! पण डॉक्टरबाई म्हणाल्या, सावळ्या लोकांत मेलानोमा (स्किन कॅन्सरचा एक घातक प्रकार) बरेचदा तळपाय, तळहात नाहीतर नखाखाली निघतो, म्हणजे उन्हाचा फारसा संबंध नसलेल्या जागी. जमैकाचा गायक बॉब मार्ले, त्याला १९७७ मध्ये पायाच्या अंगठ्याच्या नखाखालीच निघाला होता.

म्हणून तळपाय, तळहात, नखंही बघत जा. आणि इथलं ऊनही हलक्यात घेऊ नका. यूव्ही इंडेक्स (उन्हातल्या अतिनील किरणांची तीव्रता सांगणारा आकडा) ३ झाला की टोपी, लांब बाह्या, आणि सनस्क्रीन दर दोन तासांनी. क्रिकेटला जाताना मी कानाच्या पाळ्या अजून विसरतो, ते वेगळं.