जिन्याच्या रंगकामात ऑइल प्रायमर कुठे लावावा: ग्रुपवरील चर्चा

सचिव: सर्व सभासदांना नमस्कार. जिना, फाटक, कठडे आणि मीटर रूमच्या दरवाजांच्या रंगकामासाठी आलेल्या कोटेशनमध्ये ‘प्रायमरसह’ (प्रायमर म्हणजे रंगाआधी द्यायचा अस्तराचा थर) एवढाच शब्द आहे. प्रायमर कोणता, किती हात आणि कशावर, हे कोणीही लिहिलेले नाही. एका कंत्राटदाराच्या मते सगळीकडे ऑइल प्रायमरच मारावा, कारण तो पक्का बसतो. दुसरा म्हणतो की आता ऑइलचा जमाना गेला. रविवारच्या बैठकीआधी जाणकारांनी कृपया सविस्तर लिहावे.

बी विंग, दुसरा मजला: सचिव साहेब, बांधकामावर देखरेख करण्यात माझी नोकरी गेली, त्या आधारावर लिहितो. दोन्ही कंत्राटदारांचे म्हणणे अर्धे बरोबर आहे. आपल्या इमारतीत लोखंड, लाकूड, जुना ऑइल पेंट आणि नवे प्लास्टर अशा चार वेगवेगळ्या गोष्टी रंगवायच्या आहेत आणि त्यांपैकी तिघांवर ऑइल प्रायमर उत्तम चालतो. चौथ्यावर तो सध्या अजिबात लावू नये.

आधी त्या चौथ्याबद्दल, कारण नुकसान तिथेच होणार आहे. पावसाळ्यापूर्वी आपण जिन्याच्या भिंतींचे पोकळ प्लास्टर फोडून नवे केले. नव्या सिमेंटमध्ये चुन्याचा अंश असतो आणि तो तीव्र अल्कधर्मी असतो. ऑइल प्रायमरमधील अल्किड रेझिन, म्हणजे थर बांधून धरणारा घटक, तेलापासून बनलेले असल्यामुळे, भिंतीत ओल शिल्लक असेल तर हा चुना त्या तेलाचे चक्क साबणात रूपांतर करतो. वरचा रंग चिकट राहतो आणि पुढे पोपडे धरून सुटतो. शिवाय तेलाचा थर आतली ओल बाहेर पडू देत नाही, त्यामुळे फोड येतात ते वेगळेच. प्लास्टरला २८ दिवस झाले की भिंत तयार झाली असे कंत्राटदार सांगतात, परंतु तो काळ सिमेंटला ताकद येण्याचा आहे, भिंत वाळण्याचा नव्हे. यंदा तर मधले सगळे दिवस पावसाचे होते. म्हणून नव्या प्लास्टरवर अल्कली सहन करणारा, पाण्यात मिसळणारा प्रायमरच घ्यावा आणि तोही ओल तपासल्यानंतर. एक हात (सुमारे दीड फूट) लांबीरुंदीचा प्लास्टिकचा तुकडा चारही बाजूंनी चिकटपट्टीने भिंतीला पक्का लावून रात्रभर, निदान १६ तास ठेवावा. आतून दव जमले किंवा भिंत काळवंडली, तर अजून थांबावे.

ए विंग, चौथा मजला: काका, जिन्याच्या खालच्या चार फुटांना पूर्वीपासून ऑइल पेंट आहे. समितीने त्यावर प्लास्टिक इमल्शन (पाण्यात मिसळणारा रंग) द्यायचे ठरवले आहे. तिथे काय करावे?

बी विंग, दुसरा मजला: वहिनी, ऑइल प्रायमरची खरी गरज तिथेच आहे. गुळगुळीत, चकचकीत ऑइल पेंटवर इमल्शन थेट मारले की नखाने ओढल्यावर त्याचा पापुद्रा सलग निघतो. त्या पट्ट्यावरचा तेलकटपणा साबणाच्या पाण्याने धुवून काढावा, पॉलिश पेपरने सगळी चकाकी मोडावी, धूळ पुसावी आणि मग ऑइल प्रायमरचा एक पातळ हात द्यावा. तो जुन्या पेंटला धरतो आणि पूर्ण वाळल्यावर वरच्या इमल्शनलाही धरून ठेवतो. गच्चीखालच्या छतावर गळतीचे जे तपकिरी डाग आहेत, त्यांनाही हाच उपाय आहे, कारण ते डाग पाण्यात विरघळणारे असल्याने पाण्याच्या प्रायमरमधून पुन्हा वर येतात. अर्थात गळती थांबून छत कोरडे झाल्याखेरीज डाग झाकण्यात अर्थ नाही.

लोखंडाबद्दल माझा आग्रह अधिक आहे. फाटक आणि कठड्यांवर रेड ऑक्साइड मेटल प्रायमर (लोखंडासाठीचा ऑइल प्रायमर) योग्यच आहे, परंतु गंजावर मारलेला प्रायमर गंजासकट सुटतो. सुटा गंज तारेच्या ब्रशने आणि पॉलिश पेपरने काढून त्याच दिवशी प्रायमर लागला पाहिजे, कारण आपल्याकडच्या खाऱ्या हवेत उघडे लोखंड रात्रभरात पुन्हा तांबूस होते. प्रायमर मारून काम महिनाभर तसेच सोडण्याची पद्धतही चुकीची आहे. रेड ऑक्साइडचा थर सच्छिद्र असतो, वरचा रंग लागेपर्यंत तो पाणी अडवत नाही.

गच्चीवरचे नवे पाइप मात्र जस्ताचा मुलामा दिलेले आहेत. साधा ऑइल प्रायमर जस्ताशी संयोग पावून तिथेही साबण तयार करतो आणि काही काळाने सोलून निघतो. त्यांच्यासाठी जस्तावर चालणारा एच (इंग्रजीत etch) प्रायमर वेगळा लिहून घ्यावा.

लाकडी दरवाजांना आधी वुड प्रायमर (लाकडासाठीचा ऑइल प्रायमर), मग लांबी (पुट्टी), घासून पुन्हा प्रायमर, हा क्रम ठेवावा. दरवाजाची खालची आणि वरची धार रंगारी सहसा सोडून देतात. पावसाळ्यात दार फुगते ते तिथूनच पाणी पिऊन, त्यामुळे दार उतरवून त्या धारांनाही प्रायमर लावून घ्यावा.

सी विंग, पहिला मजला: माझ्या मुलाला दम्याचा त्रास आहे. ऑइल प्रायमरचा वास किती दिवस राहील आणि आम्ही कोणती काळजी घ्यावी? जुना रंग खरवडतानाच्या धुळीचीही मला चिंता वाटते.

बी विंग, दुसरा मजला: ताई, तुमची चिंता रास्त आहे. प्रायमर पातळ करणारे टर्पेंटाइन उडून जाते, पण त्यानंतरही अल्किड हवेतील ऑक्सिजन घेऊन घट्ट होत राहतो, म्हणून हात लावायला कोरडा वाटला तरी वास काही दिवस रेंगाळतो. एका दिवशी एकाच विंगचे काम करावे, जिन्याच्या खिडक्या उघड्या ठेवाव्यात आणि त्या दिवसांपुरते मुलाला नातेवाइकांकडे ठेवता आले तर उत्तम. धुळीबाबत सांगायचे तर आपल्या देशात १ नोव्हेंबर २०१७ पासून घरगुती रंगांत शिशाचे प्रमाण ९० पीपीएमपेक्षा (दहा लाख भागांत ९० भागांपेक्षा) जास्त असू नये असा नियम आहे. आपल्या इमारतीचे मूळ थर त्याच्या पुष्कळ आधीचे आहेत. त्यामुळे जुना रंग कोरडा घासू न देता पाणी लावून घासावा आणि खाली प्लास्टिक अंथरून कचरा गोळा करावा. लहान मुलांनी आणि गरोदर स्त्रियांनी त्या वेळी जिन्यात थांबू नये.

सचिव: काका, प्रायमर पातळ करण्यासाठी रॉकेल चालते असे रंगारी म्हणतो.

बी विंग, दुसरा मजला: चालवू नये. रॉकेल सावकाश उडते आणि तेलकट अंश मागे ठेवते, त्यामुळे थर नीट वाळत नाही. एनसी (नायट्रोसेल्युलोज) थिनर वापरला तर खालचा जुना पेंट सुरकुततो. डब्यावर सांगितलेल्या प्रमाणात मिनरल टर्पेंटाइनच घालावे आणि तळाशी बसलेला गाळ काठीने पूर्ण ढवळून घ्यावा. दोन हातांमध्ये एक रात्र जाऊ द्यावी.

सचिव: आभारी आहे. चारही पृष्ठभागांसाठी प्रायमरचा प्रकार, हातांची संख्या आणि घासण्याचे काम स्वतंत्र ओळींत लिहून सुधारित कोटेशन मागवतो. डबे आपल्यासमोर फोडले जातील, ही अटही घालतो.

बी विंग, दुसरा मजला: त्यात आणखी एक अट घालावी. तेल आणि टर्पेंटाइन लागलेली फडकी मीटर रूममध्ये चुरगळून टाकू नयेत. अशी फडकी वाळताना आपोआप तापतात आणि पेट घेऊ शकतात. ती रोज संध्याकाळी पाणी भरलेल्या, झाकणाच्या पत्र्याच्या डब्यात टाकून तो डबा इमारतीबाहेर ठेवावा. पहारेकऱ्यालाही हे सांगून ठेवा, कारण रंगारी गेल्यावर मीटर रूमचे कुलूप तोच लावतो.