पंधरा वर्षांची पोर्शे आणि मेन डीलरची झूल

पाना_१३
परवा एका धाग्यावर कुणीतरी ठणकावून लिहिलं: "इंग्लंडात जुनी केमन किंवा ९११ घ्यायची तर फक्त पोर्शेच्या मेन डीलरकडून, म्हणजे कंपनीच्या अधिकृत शोरूमकडून. चार हजार पौंड जास्त गेले तरी चालतील, झोप शांत लागते. बाकी सगळा जुगार." खाली टाळ्याही पडल्या. तिथे उत्तर लिहायला घेतलं ते लांबलं, म्हणून इथे.

ही झोप कशाच्या जोरावर लागते? मेन डीलर करतो त्या १११ मुद्द्यांच्या तपासणीच्या. यादी भरगच्च आहे, मान्य. ब्रेक, सस्पेन्शन, गळती, दिवे, टायर, फॉल्ट कोड, रोड टेस्ट, सगळं त्यात येतं. येत नाही ते सिलिंडरच्या आत कॅमेरा घालून बघणं. आणि २००५ ते २००८ च्या ३.४ लिटरच्या केमन एस किंवा ३.६, ३.८ च्या ९९७ मध्ये (त्या पिढीच्या ९११ मध्ये) पैसे बुडतात ते नेमके तिथेच. लोकासिल नावाच्या अस्तराच्या बोअरला, म्हणजे सिलिंडरच्या आतल्या भिंतीला, चरे पडतात, बहुधा बँक २ वर, म्हणजे ४ ते ६ नंबरच्या सिलिंडरमध्ये. लक्षणं तीन: इंजिन गरम झाल्यावर टकटक, तेल पिणं, आणि एक सायलेन्सर नळी दुसरीपेक्षा जास्त काळी. शोरूमवाले नळ्या पुसून चकचकीत करतात आणि केमनच्या मधल्या जोडनळीवर तसंही काही कळत नाही.

बरं, प्लगच्या भोकातून कॅमेरा घातला तरी अर्धंच दिसतं. चरे बोअरच्या खालच्या भागात सुरू होतात. तेल काढून, संपची (इंजिनाखालच्या तेलाच्या कुंडाची) प्लेट उतरवून, पिस्टन वर नेऊन खालून बघावं लागतं. परत बसवताना नवं सीलंट, ते वाळायला वेळ, मग नवं तेल आणि फिल्टर. गाडी दिवसभर अडकते. स्टॉकमधल्या गाडीचा संप बाहेरच्या माणसाला उघडू देणारा मेन डीलर मला दाखवा.

म्हणजे चार हजार जास्त मोजायचे आणि जे बघायचं ते बघायचं नाही.

लेस्टरचा तात्या
पानासाहेब, अभ्यास दांडगा आहे, फक्त गाडी चुकली. त्या धाग्यावर विचारणाऱ्याला २०१२ ची ९८७ पिढीची केमन हवी होती. २००९ मॉडेलपासून इंजिनच बदललं. आयएमएस हा मधला शाफ्ट काढून टाकला, लोकासिलही काढलं, अल्युसिल या मिश्रधातूचे बोअर आले. तुम्ही जुन्या इंजिनाचं दुखणं या केमनच्या गळ्यात बांधताय.

नव्या इंजिनात पैसे कुठे जातात ते ऐका. ३.४ ला थेट इंधन इंजेक्शन आहे, त्याचा हाय प्रेशर पंप जातो. गरम इंजिन सुरू व्हायला वेळ लागला की समजावं. पीडीके (दोन क्लचचा ऑटोमॅटिक गिअरबॉक्स) घेतली आणि आतला एखादा सेन्सर गेला, तर अधिकृत उत्तर वर्षानुवर्षं एकच होतं: अख्खा गिअरबॉक्स बदला. बिल पाच अंकी पौंडांत. डीलरची वॉरंटी असेल तर हे दोन्ही त्यांच्या खिशातून जातं. चार हजार त्याचे असतात, चकचकीत फरशीचे नाहीत.

दुसरं, ओव्हर-रेव्हचा रिपोर्ट, म्हणजे इंजिन मर्यादेपलीकडे किती वेळा फिरलं त्याची नोंद. या इंजिनांच्या ईसीयूमध्ये (इंजिनाच्या संगणकात) वेगाच्या सहा रेंज नोंदल्या जातात, ऑपरेटिंग तासांसकट. पहिल्या दोन-तीन रेंजमध्ये आकडे असले तर कुणी रेडलाइनपर्यंत मजा केली एवढंच. ४ ते ६ मध्ये असले, तेही अलीकडच्या तासांत, तर मॅन्युअलवर चुकीचा गिअर पडलाय. मेन डीलरला हा रिपोर्ट काढावाच लागतो, कारण वॉरंटी त्यांनाच द्यायची असते. नाक्यावरचा विक्रेता म्हणतो, "मशीन सध्या बंद आहे."

पाना_१३
तात्या, मशीन बंद असेल तर तिथून उठायचं. स्पेशालिस्टकडे, म्हणजे फक्त पोर्शे करणाऱ्या स्वतंत्र गॅरेजकडे, पोर्शेचंच निदानयंत्र असतं, नाहीतर त्याच्या तोडीचं. नाक्यावरचा विक्रेता आणि पंचवीस वर्षं फक्त फ्लॅट-सिक्स (पोर्शेचं आडवं सहा-सिलिंडर इंजिन) उघडणारा मेकॅनिक, दोघांना एका ओळीत बसवणं ही मेन डीलरभक्तांची जुनी खोड.

आणि वॉरंटीचं वय सांगायचं सोयीस्कर विसरलात. मर्यादा १५ वर्षं आणि १,२५,००० मैल. २०१२ ची गाडी आहे ना? २०२७ मध्ये पंधरा भरली की संपलं. तुम्ही चार हजार देऊन विकत काय घेताय तर उरलेली काही महिन्यांची झोप.

लेस्टरचा तात्या
काही महिन्यांत पीडीके गेला तर तेच काही महिने सोन्याचे. "फ्लॅट-सिक्स उघडणारा मेकॅनिक" तुम्हाला लेखी हमी काय देतो ते पण लिहा. बहुतेक ठिकाणी तिसऱ्याच कंपनीची पॉलिसी असते, एका दाव्याला वरची मर्यादा, वर "झीज" या नावाखाली निम्मे भाग वगळलेले.

कलम_७५
दोघांचंही कायद्याकडे दुर्लक्ष झालंय. कन्झ्युमर राइट्स अॅक्ट २०१५ मेन डीलरला जेवढा लागू, तेवढाच कोपऱ्यावरच्या व्यापाऱ्याला. पहिल्या ३० दिवसांत सदोष गाडी परत करून पूर्ण पैसे. सहा महिन्यांच्या आत दोष निघाला तर तो विक्रीच्या वेळी नव्हता हे विक्रेत्याने सिद्ध करायचं. त्याला दुरुस्तीची एक संधी, ती फसली तर गाडी परत. "आहे तशी विकली" असं पावतीवर लिहून यातून सुटका नाही. मात्र १५ वर्षांच्या गाडीकडून कायदा नव्या गाडीची अपेक्षा करत नाही; झीज म्हणजे दोष नव्हे.

खरा खड्डा वेगळाच आहे आणि त्याबद्दल कुणी बोलत नाही. बऱ्याच स्पेशालिस्टांकडे उभ्या असलेल्या सुंदर गाड्या त्यांच्या नसतातच. मालकाच्या वतीने, कमिशनवर विकायला ठेवलेल्या असतात. मग तुमचा करार खाजगी मालकाशी होतो आणि वर लिहिलेलं जवळपास सगळं गळून पडतं. पावतीवर विक्रेता म्हणून कुणाचं नाव येणार, हे इसार देण्याआधी लेखी विचारा. मेन डीलरकडे हा प्रश्न सहसा येत नाही. हा मुद्दा तात्यांना फुकट.

इसार क्रेडिट कार्डवर द्या. १०० पौंडांच्या वर ते ३०,००० पर्यंत किमतीच्या वस्तूला कन्झ्युमर क्रेडिट अॅक्ट १९७४ चं कलम ७५ लागतं, आणि थोडीच रक्कम कार्डवर दिली तरी संपूर्ण किमतीला लागतं. गाडी ३०,५०० ची असेल तर नाही. घासाघीस करताना हे लक्षात ठेवा.

लेस्टरचा तात्या
फुकटचा मुद्दा घेतला. वकील लोकांकडून फुकट काही मिळालं की जपून ठेवावं.

मंजिरी_एम४०
"जपलेली गाडी" या शब्दावर कुणी बोलतच नाहीये. १४ वर्षांत १२,००० मैल चाललेली गाडी मेन डीलर "अप्रतिम जतन" म्हणून मांडतो आणि त्याचेच पैसे लावतो. उभी गाडी कुजते. क्रँकचं मागचं सील सुकतं आणि गिअरबॉक्स-इंजिनच्या जोडावर तेल झिरपायला लागतं. पुढच्या बंपरच्या तोंडात पानं साचून ओली राहतात, त्याने एसीचे कंडेन्सर आणि रेडिएटर पोखरतात. ते बघायला टॉर्च घेऊन गुडघ्यावर बसावं लागतं, बंपर काढला तर उत्तमच. बॉक्सस्टर (केमनची उघड्या छताची बहीण) असेल तर छताच्या पाण्याच्या वाटा तुंबतात आणि पाणी आतल्या इलेक्ट्रॉनिक्सपर्यंत पोचतं. गालिच्याखाली हात घालून ओल बघा.

सर्व्हिस पुस्तकात मैल नाही, तारखा वाचा. ब्रेक फ्लुइड दर २ वर्षांनी, स्पार्क प्लग ४ वर्षांनी, गाडी हलो न हलो. "कमी चालली म्हणून केलं नाही" असे शिक्के मेन डीलरच्या पुस्तकांतही असतात.

आणि एमओटीचा, म्हणजे दरवर्षीच्या सक्तीच्या तपासणीचा, इतिहास सरकारी साइटवर फुकट बघता येतो, नंबर टाकला की मैल आणि सूचना सगळं पुढ्यात. "मागचे ब्रेक पाइप गंजलेले" अशी सूचना सलग तीन वर्षं येऊन चौथ्या वर्षी गायब झाली, तर पाइप बदलल्याचं बिल मागा. नुसतं ग्रीस फासूनही सूचना गायब होते.

पाना_१३
मंजिरीताईंचा प्रतिसाद छापून खिशात ठेवावा असा. आणि त्यातलं काहीही मेन डीलरवाचून अडत नाही.

टायरवाला_बाप्या
सगळं ठीक, पण मेन डीलरच्या वॉरंटीचा खरा जाच कुणी लिहिला नाही. एन टायर! टायरच्या कडेला एन-०, एन-१ अशी पोर्शेच्या मान्यतेची खूण नसेल तर तपासणीत गाडी नापास. त्याच कंपनीचा, त्याच नावाचा, त्याच मापाचा टायर, फक्त खूण नाही. ती खूण असली की भाव चढलाच. लूट आहे नुसती.

लेस्टरचा तात्या
लूट नाही. नक्षी तीच असली तरी आतली बांधणी आणि रबराचं मिश्रण पोर्शेसाठी वेगळं केलेलं असतं. आकडा हा सुधारणेचा क्रम. म्हणून एकाच एक्सलवर एन-० आणि एन-१ मिसळत नाहीत.

टायरवाला_बाप्या
रस्त्यावर ६० च्या वेगाने जाताना तो फरक ओळखणारा माणूस मला भेटवा. एमओटीवाला एन बघत नाही. विमेवाल्यालाही माप, लोड आणि स्पीड रेटिंग बरोबर असलं की पुरतं. एन फक्त त्यांनाच लागतो ज्यांना तो विकायचा असतो.

मंजिरी_एम४०
बाप्या, चार चाकं ओढणाऱ्या ९९७ वर हे बोलू नका. तिथे पुढच्या-मागच्या टायरच्या परिघातला फरक वाढला की पुढचा ड्राइव्ह सतत ताणाखाली राहतो. केमन मागच्या चाकांवरची, तिथे एवढं नाही.

टायरवाला_बाप्या
धागा केमनचाच आहे ना? मग ९९७ कशाला आणता? तात्यांनी पानासाहेबांना याच कारणासाठी झापलं होतं.

१८ इंचीचं माप बघा: पुढे २३५/४०, मागे २६५/४०. यात एन खुणेचे पर्याय मोजके राहिलेत. मग होतं काय, शोरूममधल्या गाडीला एन टायर असतात, नक्षीही भरपूर असते, पण टायरवरच्या डीओटी क्रमांकाचे शेवटचे चार आकडे वाचा. १८१५ म्हणजे २०१५ चा अठरावा आठवडा. दगड झालेलं रबर. "एन आहे, नक्षी आहे" म्हणून यादीवर टिकमार्क. पावसात पहिल्याच गोल चौकात मागची बाजू पुढे येईल. मला विचाराल तर नवा बिनखुणेचा टायर जुन्या एन टायरपेक्षा शंभर पटीने बरा.

लेस्टरचा तात्या
दहा-अकरा वर्षांचा टायर कुणीच ठेवू नये, यावर वाद कशाला? सौदा करताना चार नवे एन टायर लिहून घ्या. मेन डीलर किमतीत पाचशे उतरवणार नाही, पण टायर, सर्व्हिस, नवी एमओटी देईल. त्यांना ते आतल्या भावात पडतं. हे ज्यांना जमत नाही ते लूट-लूट ओरडतात.

टायरवाला_बाप्या
वा. म्हणजे लूट आहेच, फक्त घासाघीस करून परत घ्यायची.

क्रॉयडनकर
मधेच विचारतो. अशी केमन इथे दोन वर्षं वापरून परत जाताना पुण्याला नेता येईल का? स्टिअरिंग उजवीकडेच आहे.

कलम_७५
नाही. भारतात जुनी गाडी आयात करायची तर ती तीन वर्षांच्या आतली लागते, वर भरमसाट शुल्क. तिथे जुनी म्हणून सूट आहे ती विंटेजला. केमनला अजून बरीच दशकं वाट बघावी लागेल.

पाना_१३
टायरच्या धुळवडीत मूळ प्रश्न गेला खड्ड्यात. तरी सांगतो, मेन डीलरची वॉरंटी हवीच असेल तर ती मिळवायला गाडी त्यांच्याकडून घ्यावी लागत नाही. वय आणि मैल मर्यादेत असतील तर स्पेशालिस्टकडची गाडीही मेन डीलरकडे पैसे भरून १११ मुद्द्यांतून नेता येते आणि पास झाली की वॉरंटी विकत घेता येते. विक्रेत्याला सांगायचं: तपासणी पास झाली तर सौदा, निघालेल्या दुरुस्त्या तुझ्या खर्चाने. यात मूळचा नसलेला एक्झॉस्ट, खाली बसवलेल्या स्प्रिंगा असलं काही चालत नाही, आधी मूळ भाग परत बसवावे लागतात. आणि तात्या ज्या इंजिनाची एवढी तरफदारी करताहेत त्यातलं साधं २.९ घेतलं तर थेट इंजेक्शन नाही, म्हणजे हाय प्रेशर पंपाची भीतीही नाही. मॅन्युअल घ्या, पीडीकेचीही गेली.

लेस्टरचा तात्या
म्हणजे शेवटी शिक्का मेन डीलरचाच हवा, फक्त रांग दुसऱ्या दाराने. हरकत नाही, उशिरा का होईना. २.९ बद्दल मात्र बरोबर आहात, नाइलाजाने लिहितोय. तपासणीत पुढच्या स्प्रिंगा तुटलेल्या निघतात, त्यांचं बोलणं आधीच करून ठेवा. तुटतात त्या सगळ्यात खालच्या वेढ्याला, गाडी उचलल्याशिवाय दिसत नाही.

टायरवाला_बाप्या
आणि एन टायर? पास व्हायला तेही आलेच. चारही. धन्य आहे.

मंजिरी_एम४०
आलेच. ते बसवून घ्यायला जाण्याआधी चाकाच्या लॉकिंग बोल्टचं सॉकेट पुढच्या डिकीतल्या टूलकिटमध्ये आहे का बघा, ते हमखास हरवलेलं असतं. नसेल तर टायरवाले बोल्ट फोडून काढतात आणि चाकाला चरे पाडतात, मग १११ मध्ये चाकही अडकतं. परत आवळताना १३० न्यूटन मीटर, टॉर्क पान्याने. एअर गनने नाही.