रील पाहणारा आणि तिकीट काढणारा

गायक-वादकांनी रोज एक रील टाकली की श्रोते टिकतात, हे मत मला अपुरे वाटते. रील अनोळखी माणसापर्यंत पोहोचते खरी, परंतु तो डॉ. वसंतराव देशपांडे सभागृहात तिकीट काढून येईलच असे नाही. आपल्या नागपूरच्या गायक-वादकांनी व्हॉट्सअ‍ॅपवरील ब्रॉडकास्ट यादीचा, म्हणजे एकच निरोप अनेकांना स्वतंत्रपणे पाठवण्याच्या सोयीचा, विचार करावा. तीत २५६ जणच बसतात आणि ज्यांनी आपला क्रमांक फोनमध्ये जतन केला आहे त्यांनाच निरोप मिळतो, त्यामुळे ती आपोआप खऱ्या रसिकांपुरती उरते. तेथे निव्वळ जाहिरात न पाठवता रियाजातील एखादी अर्धवट बंदिश पाठवावी आणि आलेल्या प्रत्येक अभिप्रायाला नावानिशी उत्तर द्यावे. सकाळी सहाला मात्र नको. सुप्रभाताच्या फुलांत बंदिश हरवते.