चाळीतल्या खोलीचा दावा : मावशींना मोफत वकील मिळेल का?

प्रश्न (लालबाग)
आमच्या शेजारच्या मावशी तीन घरी पोळ्या करतात. त्यांची पागडीची खोली यजमानांच्या नावावर होती आणि ते गेल्यावर भाडेपावती स्वतःच्या नावावर करून घ्यायचे राहून गेले. आता घरमालकाने धोबीतलावच्या लघुवाद न्यायालयात खोली रिकामी करून मागण्याचा दावा लावला असून, समन्स येऊन बारा दिवस झाले आहेत. एका वकिलांनी सांगितलेली फी मावशींच्या पाच महिन्यांच्या कमाईएवढी आहे. फौजदारी खटल्यात सरकारकडून वकील मिळतो हे ऐकून आहे. दिवाणी दाव्यातही मिळतो का?

उत्तर १ (वकील, फोर्ट)
मिळतो, आणि तो मावशींचा हक्क आहे, कोणाचे उपकार नव्हेत. विधी सेवा प्राधिकरण कायदा, 1987 च्या कलम 12 नुसार स्त्रियांना उत्पन्नाची अट न लावता मोफत वकील देता येतो. जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडे अर्ज करावा. 15100 या क्रमांकावरही माहिती मिळते. तेथील पॅनलवरच्या वकिलांचे मानधन प्राधिकरण देते, त्यामुळे त्यांनी पक्षकाराकडून पैसे घ्यायचे नसतात. याखेरीज केंद्राच्या ‘न्याय बंधू’ उपक्रमात नाव नोंदवून आमच्यातले काही जण विनामोबदला प्रकरणे चालवतात.

मात्र आज पळायला हवे ते वेगळ्याच कारणासाठी. समन्स हाती पडल्यापासून तीस दिवसांत लेखी कैफियत, म्हणजे दाव्याला आपले लेखी उत्तर, द्यावी लागते. न्यायालय कारणे नोंदवून ही मुदत नव्वद दिवसांपर्यंत वाढवू शकते, पण त्या भरवशावर राहू नये. फी परवडत नाही म्हणून घरात बसून राहिलेली माणसे एकतर्फी हुकूम झाल्यावर आमच्याकडे येतात, तेव्हा फार वाईट वाटते. मावशींची बाजू मुळात लंगडी नाही. भाडेकरूच्या मृत्यूच्या वेळी त्याच्यासोबत राहणाऱ्या कुटुंबीयाला महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायदा, 1999 च्या कलम 7(15) मध्ये भाडेकरूचा दर्जा आहे. त्यांचा तेथील रहिवास दाखवणारा प्रत्येक कागद जपून ठेवा.

उत्तर २ (भांडुप)
माझ्या आईला असाच वकील मिळाला होता. पहिले वकील दोन तारखांना आलेच नाहीत. आम्ही लेखी अर्ज दिल्यावर वकील बदलून मिळाले आणि नव्या बाईंनी प्रत्येक तारखेआधी आईला बसवून सगळे समजावून सांगितले. म्हणून मिळालेल्या माणसावर समाधान नसेल तर गप्प बसू नका, आणि दिलेल्या प्रत्येक अर्जाच्या प्रतीवर पोच घ्या.

प्रश्नकर्ती
आपणा दोघांचे मनापासून आभार. काल रात्री मावशींनी फळीवरचा बिस्किटांचा पत्र्याचा डबा खाली काढला. त्यात दोऱ्याने बांधलेल्या जुन्या भाडेपावत्या, शिधापत्रिका आणि यजमानांचा मृत्यूचा दाखला निघाला; तिन्ही कागदांवर पत्ता याच खोलीचा आहे. सोमवारी त्यांनी कामावरून सुट्टी घेतली असून मी सोबत जाणार आहे.